भीती मोजायची पट्टी घेऊन जालन्यात

मार्च संपत आला होता. आजूबाजूचे सगळे थंड हवेची ठिकाणं शोधत होते आणि मी ऐन उन्हाच्या तोंडावर जालन्याला जायची तयारी करत होते. आईनं विचारलं, "जालन्यात बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "माणसं." तिनं कपाळावर हात मारला. पण खरं सांगते, मागच्या वर्षी बर्फ बघायला गेले तेव्हासुद्धा मी इतकी हवेत नव्हते.

कारण सांगते. पुण्यात आमचा एक लहानसा अभ्यासगट आहे. लोकांना कुठल्या विषारी वस्तूची किती भीती वाटते, हे आम्ही मोजतो. एखादं रसायन किती घातक आहे ते प्रयोगशाळेत कळतं, पण माणसाला ते किती घातक वाटतं हे माणसालाच विचारावं लागतं. या दोन मापांत जिथे मोठं अंतर पडतं, तिथे दवाखान्याची वाट धरावी लागते. आजवर हे काम मी शहरातच केलं होतं.

मग वैशालीचा फोन आला. वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन परतूर तालुक्यातल्या वाटूरला गेली आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवते. बारा वर्षांत तिची भाषा पार बदललीय, आणि मला ती फार आवडते.

"मुक्ता, पालकसभेत मला अर्धा तास दिलाय," ती म्हणाली. "घरात लेकरांच्या आसपास काय काय विषारी असतं त्यावर बोलायचंय. पण दहा गोष्टी सांगितल्या का एक बी डोक्यात राहत न्हाई. मला एकच पाहिजे. जिला भ्यायला पाहिजे आणि कुणीच भीत न्हाई, अशी एक. तू शोधून दे."

आता अशी कामगिरी मिळाल्यावर कोण घरी बसेल? मी फोटोंची कार्डं छापून घेतली: फवारणीचं औषध, उंदराचं औषध, संडास साफ करायचं ॲसिड, रॉकेल, विषारी औषधाचा रंग लावलेलं पेरणीचं कपाशीचं बी, धान्यात टाकायची गोळी, आणि कारखान्याचा धूर. सोबत एक ते सातची आमची नेहमीची पट्टी. एक म्हणजे बिलकुल भीती नाही, सात म्हणजे जीव जाईल इतकी. ही पट्टी घेऊन मी जग जिंकणार होते.

पुण्याहून पहाटेची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे उरलेले पैसे खाण्यावर उडवायचे हा माझा प्रवासाचा कायदा. नगरला मिसळ, संभाजीनगरला चहा, आणि जालन्यात उतरल्या उतरल्या मोसंबीचा रस. मोसंबी खावी तर इथलीच. गाडीवाल्यानं बर्फ टाकायला हात उचलला तसा मी थांबवला आणि नुसता रस दोन ग्लास प्यायले. उन्हानं टाळू तापली होती, पण दुसऱ्या ग्लासनंतर मला जालना सिमल्याच्या तोडीचं वाटायला लागलं.

लॉज स्टँडजवळच घेतला. साधा, स्वच्छ, आणि कूलर चालू होता. त्याहून जास्त काही या दिवसांत मागू नये. संध्याकाळी रिक्षानं गावात चक्कर मारली. लांब लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती. मी रिक्षावाल्या भाऊंना सहज विचारलं, "या धुराची भीती नाही वाटत?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, धूर निघून राह्यला म्हणजे कामाची पाळी चालू है. धूर बंद झाला ना, तंव्हा भ्या वाटतं."

मी तिथेच रिक्षात वही काढली. ही गोष्ट एक ते सातच्या पट्टीवर कुठे लिहायची, मला कळेना. पण मजा अशी की मी निराश झाले नाही, उलट उद्याची सकाळ कधी होते असं झालं.

सकाळी भोकरदनच्या एसटीनं केदारखेड्याला गेले. रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना गव्हाची कापणी झालेली रानं आणि मधूनच मोसंबीच्या बागा. खिडकीची जागा धरा, पण उन्हाची बाजू बघून धरा. मी उत्साहात चुकीची धरली आणि एका गालानं भाजून निघाले. पुलावरून पूर्णा नदी दिसते. मार्चमध्ये तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती, तरी गाडीतले सगळे एकदा वाकून बघतातच.

तिथल्या अंगणवाडीताईंनी समाजमंदिरापुढच्या मोकळ्या जागेत बायकांना जमवलं होतं. कुणी मजुरीवरून आलेल्या, कुणी भाकरी उरकून. मी पट्टी समजावली आणि फवारणीच्या औषधाचं कार्ड वर धरलं.

"एक," शकुंतलाबाई म्हणाल्या. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

उंदराचं औषध? एक. ॲसिड? एक. मी चक्रावले. म्हणजे या गावात कुणालाच कशाचीच भीती नाही? शेवटी न राहवून विचारलं, "मावशी, खरंच एक?"

"तसं न्हाई माय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या लांबून आल्या. आल्यापासून विचारून राह्यल्या, याचं भ्या वाटतं का, त्याचं भ्या वाटतं का. आम्हाला वाटलं, बाई भ्यालेली दिसती. म्हणून सांगून राह्यलो, काही होत न्हाई, बिनघोर राहा."

मला हसू आवरेना. त्या माझ्या प्रश्नांची उत्तरं देतच नव्हत्या, त्या मला धीर देत होत्या! पाहुणीला घाबरवायचं नाही, ही इथली रीत. या रीतीपुढे माझी छापील पट्टी पहिल्या पाच मिनिटांत आडवी झाली.

आणि तेवढ्यात वावटळ आली. धूळ, पालापाचोळा, आणि त्यात माझी सगळी कार्डं. बायका उठल्या, इकडे तिकडे धावून कार्डं गोळा केली आणि हाताला येईल तिथे ठेवून वर दगड ठेवायला लागल्या. आणि मग भांडण सुरू झालं.

"अगं, ते ॲसिड पाण्याच्या टाकीपाशी काहून ठेवलं?"

"फोटोच है ना तो!"

"फोटो असला म्हणून काय झालं? उचल आधी तिथून!"

मी उभीच्या उभी राहिले. पाच मिनिटांपूर्वी ज्या ॲसिडला एक मिळाला होता, त्याचा नुसता फोटोसुद्धा या बायकांना पाण्याजवळ चालत नव्हता. भीती तोंडानं सांगायची गोष्टच नव्हती. वस्तू कुठे ठेवली, त्यात ती दिसत होती.

मी रांगोळी मागवली. जमिनीवर एक घर काढलं. चूल, पाण्याची जागा, ओसरी, दार, बाहेर गोठा, त्यापलीकडे शेताचा बांध. आणि मधल्या खोलीत अंगणवाडीतली एक बाहुली झोपवली. "हे तुमचं लेकरू," मी म्हटलं. "आता ही वस्तू घरात आणली. कुठं ठेवाल?" लेकरापासून कार्ड जितकं लांब, तितकी भीती जास्त. मी फक्त पावलं मोजणार होते.

काय सांगू, खेळ असा रंगला! फवारणीच्या औषधाचं कार्ड घेऊन एक सून थेट गोठ्याच्या पलीकडे गेली. तिथून तिची जाऊ ओरडली, "आणखी पुढं जा, बकरी बांधतो आपण तिथं!" उंदराच्या औषधावर दोघींचं जुंपलं. कारखान्याच्या धुराचं कार्ड एका आजीनं घेतलंच नाही. "त्याला कुठं ठेवू? तो कुणाच्या हातात है का?" म्हणाल्या.

आणि धान्यात टाकायची गोळी? ती चालत चालत बाहुलीच्या उशाशी आली. एकीनं नाही, जवळजवळ सगळ्यांनीच तिथे ठेवली. मी चेहरा कोरा ठेवून विचारलं, का? शकुंतलाबाईंनी सरळ सांगितलं, "खायाच्या धान्यात टाकतो आम्ही. कोठी झोपायच्या खोलीतच राहती. खायाच्या वस्तूत टाकायची चीज विषारी कशी असंल?"

किती बिनतोड वाटतं बघा ऐकायला! आणि तीच गफलत आहे. ती गोळी हवेतल्या ओलाव्यानं विरघळते आणि तिच्यातून विषारी वायू निघतो. त्यानंच धान्यातली कीड मरते. बंद खोलीत माणूस झोपला असेल, तर वायू माणूस आणि कीड यांत फरक करत नाही. खेळ संपल्यावर मी हे सगळ्यांना नीट सांगितलं. खेळाआधी किंवा मध्ये सांगायचं नाही, हा आमचा नियम. सांगितलं की माप बिघडतं. बायका एकदम सगळ्या बोलायला लागल्या. शकुंतलाबाईंनी विचारलं, "मंग दुकानात देतात कशाला?" मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. त्यांनी मला धपाटे आणि दही खायला घातलं आणि एसटीत बसवून दिलं.

बसमधूनच वैशालीला फोन लावला. "सापडली! तुझी एक गोष्ट सापडली!"

"काय? सांग की जल्दी!"

"उद्या तुझ्या गल्लीत खेळ आहे. तुझ्या सासूबाई पण खेळणार. तो झाला की सांगते." ती चिडली. मी खूश होऊन उरलेला धपाटा काढला.

जालन्याहून वाटूरला मंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. वाटूरचा फाटा म्हणजे भलताच गजबजलेला. चारी वाटांच्या गाड्या, भज्यांच्या कढया, कलिंगडांचे ढीग. वैशाली स्कूटीवर न्यायला आली होती. भजी खाल्ल्याशिवाय मी फाटा सोडला नाही. सोबत तळलेल्या मिरच्या देतात. जपून खा, मी पाणी पीत पीत गल्लीत शिरले.

वैशालीच्या सासूबाई, म्हणजे काकू, दारातच उभ्या होत्या. पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं. वैशालीची सहा वर्षांची स्वरा लगेच मला चिकटली आणि आज मी मावशीजवळ झोपणार, असं तिनं जाहीर करून टाकलं. उन्हं कलली तशी काकू म्हणाल्या, "चल पोरी, तुझी खोली दाखवते. घरात सगळ्यात थंडगार तीच है."

आतली खोली. खरंच गार होती. शेणानं ताजी सारवलेली जमीन, त्यावर गादी, धुतलेली चादर. आणि भिंतीला लागून पत्र्याच्या दोन उंच कोठ्या. स्वरा आधीच गादीवर लोळत होती.

"यंदा गव्हात सोंडे फार झाल्ते," काकू कौतुकानं म्हणाल्या. "पाहुणीच्या अंगावर किडे चढले तर बरं दिसतं का? म्हणून आज दुपारीच गोळ्या टाकल्या. आता एक किडा दिसायचा न्हाई तुला."

माझ्या नाकाला तेव्हाच तो वास जाणवला. लसणासारखा, जरा कुजकट. चेहरा कोरा ठेवायचा असतो, नियम असतो, उद्या यांचं माप घ्यायचं असतं, हे सगळं मला पाठ होतं. मी स्वराचा हात धरला आणि तिला उचलूनच बाहेर आणलं.

"काकू, या खोलीत आज कुणीही झोपायचं नाही. मी नाही, स्वरा नाही, तुम्ही नाही."

काकूंचा चेहरा पडला. दिवसभर राबून त्यांनी ती खोली माझ्यासाठी सारवली होती आणि पाहुणी गादीला पाठ न लावता बाहेर आली होती. मी सांगायला लागले, वायू, ओलावा, बंद खोली. माझा आवाज चढला होता आणि वैशाली दारात खांब धरून ऐकत होती. तिच्या डोळ्यांसमोर ही गोळी दरवर्षी त्या कोठीत पडत आली होती.

"आम्ही मेलो का आजवर?" काकू म्हणाल्या. "दरसाल टाकतो."

"दरसाल या खोलीत कोण झोपतं, आई?" वैशालीनं हळूच विचारलं. "उन्हाळ्यात आपण सगळे अंगणात झोपतो. आज पाहुणी आली म्हणून खोलीत गादी घातली."

काकूंनी तोंड फिरवलं. मला वाटलं, रागावल्या. पण त्या वर बघत होत्या. मीही बघितलं. खोलीची मागची भिंत छताच्या पत्र्यापर्यंत गेलेलीच नव्हती. वर वीतभर फट, आणि फटीतून पलीकडच्या घरातला दिवा दिसत होता.

"तो वास वरून पलीकडं जातो का?" त्यांनी विचारलं.

"जातो."

"सविताचं बाळ," एवढंच म्हणाल्या आणि पायात चप्पल न घालता पळाल्या. साठ ओलांडलेली बाई इतक्या जोरात पळू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी मागून. शेजारची सविता भिंतीलाच पाठ टेकून बसली होती, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी.

"मावशी, काय झालं?"

"ऊठ. पोरीला घे. बाहेर चल आधी, मंग सांगते."

अंगणात आल्यावर सविता म्हणाली, "दुपारपासून डोकं जड झालंय. ऊन लागलं असंल म्हणलं. ही बी सारखी झोपूनच राह्यली, दूध घेईना." काकूंनी वाकून बाळाचे तळपाय चोळले.

पुढचं सगळं भराभर झालं. सविताचा नवरा आणि वैशालीचा नवरा तिला आणि बाळाला घेऊन गाडीनं परतूरच्या दवाखान्यात गेले. वैशालीनं ओळखीच्या कृषी सहायकांना फोन लावला. त्यांनी बजावलं, दोन्ही घरं रिकामी करा, आत कुणी पाऊल टाकू नका, गोळ्यांवर पाणी तर मुळीच टाकू नका, सकाळी मी माणूस घेऊन येतो. आम्ही गल्लीभर सांगत सुटलो. काकू अंगणातून हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा वैशालीनं तो मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टरांनी दोघींना तपासलं होतं. रात्रभर ठेवून घेणार होते, पण बाळ दूध प्यायला लागलं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडल्या. मीही रडले, लपवत नाही. मग शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली आणि सगळे अंगणात बसून जेवलो.

सकाळी कृषी सहायक माणूस घेऊन आले आणि कामाला लागले. खेळ रद्द करावा, असं माझ्या मनात होतं. काकूच म्हणाल्या, "न्हाई. बोलाव बायकांना. सविताच्या गल्लीला कळलंय, वरच्या आळीला कुठं कळलंय?" मी त्यांना एकच विनंती केली, सगळ्यांची कार्डं ठेवून होईपर्यंत तोंड उघडू नका. वरच्या आळीत रांगोळीचं घर काढलं, बाहुली झोपवली. बायका एकेक करून आल्या. फवारणीचं औषध लांब, उंदराचं लांब, आणि गोळी परत बाहुलीच्या उशाशी. काकू कोपऱ्यात ओठ घट्ट मिटून बसलेल्या. प्रत्येक गोळी खाली ठेवली की त्यांचा हात पुढे व्हायचा आणि परत मागे जायचा. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

शेवटची बाई झाली आणि मी मान हलवली. काकू उठल्या. गोळीचं कार्ड उचललं. रांगोळीचा गोठा ओलांडला, बांध ओलांडला, आळी ओलांडली आणि कोपऱ्यावरून वळून दिसेनाशा झाल्या. बायका हसायला लागल्या. काकू परत आल्या तेव्हा हात रिकामा होता.

"मावशी, कुठं ठेवलं?"

"जिथं कुणाचंच लेकरू झोपत न्हाई, तिथं," त्या म्हणाल्या आणि बसून सगळं सांगायला लागल्या. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगितलं. खोली कशासाठी सारवली तेही सांगितलं. कुणीही हसलं नाही.

दुपारी परतूर. गाडीला वेळ होता, म्हणून बाजारात फिरले. कापसाचा हंगाम सरला होता, तरी धान्याचे ढीग बघण्यासारखे असतात. स्टेशनाजवळच्या हॉटेलात सुशीला खाल्ली, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, वर शेव आणि कच्चा कांदा. जालना जिल्ह्यात आलात तर ही चुकवू नका. मग गाडीनं संभाजीनगर आणि तिथून पुण्याची बस. जायला मार्चचा शेवट किंवा थेट हुरड्याचे दिवस निवडा. टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि रिकामं पोट सोबत ठेवा.

घरी आल्यावर पावलं मांडून बसले. केदारखेडा आणि वाटूर, दोन्हीकडे तेच चित्र. आमच्या गटाचे सर म्हणाले, काकूंचं कार्ड हिशोबात धरता येणार नाही, त्यांना आधी माहीत होतं. बरोबर आहे. मी ते काढून टाकलं. पण सरांशी भांडून एक नियम मात्र बदलून घेतला: जीवाशी गाठ असलेली वस्तू दिसली की आधी सांगायचं, माप गेलं तर गेलं. वैशालीचा अर्धा तास त्या एका गोळीवर गेला आणि बोलायला ती उभी राहिलीच नाही, तिनं काकूंना उभं केलं.

हे लिहायच्या आधी सविताला फोन केला, कशी आहेस विचारायला. पण पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं, कानठळ्या बसतील असं.

"थांबा ताई," सविता ओरडून म्हणाली, "ही भोंगा लावून बसलीय, काहीच ऐकू येत न्हाई. हिला बाहेर देऊन येते."

मी म्हटलं, "नको गं. असू दे तिला तिथंच. ऐकू दे मला."